आवारातले मोठे दगड: जेसीबी सांगायचा की मिनी पोकलेन?

कोल्हापुरात पाचगाव, मोरेवाडी, कळंबा या अंगाला ज्यांनी प्लॉट घेतलाय त्यांना दगडाचं कौतुक सांगायला नको. वर हातभर मुरूम, त्याखाली काळे गोटे, आणि एकेका गोट्यावर चार माणसं बसून निवांत चहा पितील एवढे. पंचगंगेकडच्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला पाया खाली जाईल याची काळजी, आपल्याला पाया खाली जातच नाही याची.

असले दगड काढायचे म्हटलं की इथे दोनच नावं पुढे येतात. एक जेसीबी, दुसरा तीन टनी मिनी पोकलेन, म्हणजे ट्रॅकच्या पट्ट्यांवर चालणारं छोटं उकरायचं मशीन. माझ्या आवारात दोन्ही येऊन गेले. घरापुढचं अंगण जेसीबीनं केलं, मागची बाजू मिनीनं. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते उभं राहून बघितलेलं आहे, फूटपट्टी घेऊन मोजलेलं नाही. तुमची जागा वेगळी असेल तर हिशेबही वेगळा निघू शकेल. यंत्रांची माहितीपत्रकं तुम्ही चाळली असतील असं धरतो.

मशीन ठरवायच्या आधी दगडाचं वजन काढा, कारण इथे डोळा फसतो. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, घनमीटरला साधारण २.८ ते ३ टन भरतो. गोल गोटा धरला तर २ फूट व्यासाचा ३५० किलोच्या आसपास, ३ फुटांचा ११०० ते १२०० किलो, आणि ४ फुटांचा थेट पावणेतीन टनांच्या घरात. व्यास दुप्पट, वजन आठपट. म्हणजे ४ फुटी गोटा जवळपास मिनी पोकलेनच्याच वजनाचा झाला. हे एकदा डोक्यात बसलं की ‘मशीन उचलेल की’ हे वाक्य आपोआप बंद होतं.

दिसतो तेवढा सगळा दगड पक्का असतो असंही नाही. भेगांतून पाणी शिरून हा दगड कोपऱ्यांकडून आधी कुजतो, म्हणून गोल होत जातो आणि कांद्यासारखे पापुद्रे धरतो. वरचे पापुद्रे बकेटच्या दातांनी सोलून निघतात, आतला गाभा मात्र घणालाही दाद देत नाही. आमच्याकडे ज्या दगडाची सगळ्यांनी धास्ती घेतली होती तो सोलून निम्म्यावर आला. उलटंही होतं. वर वीतभर डोकं दिसतं आणि उकरत जावं तसं पोट सुटत जातं. म्हणून आधी पहारीनं कडा चाचपा आणि घणाचा एक ठोका मारून कान द्या. खणखणीत वाजला तर गाभा शाबूत, बद्द वाजला तर आत चीर आहे.

आता जेसीबी. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. फोन केला की तासाभरात येतो, स्वतःच्या चाकांवर येतो, ताकद भरपूर, आणि मोठा ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा यांत्रिक घण, लावून मिळतो. गावात कुणाकडे ना कुणाकडे असतोच, त्यामुळे आज नाही जमलं तर उद्या दुसरा. अंगणातलं सपाटीकरण त्यानं बघता बघता उरकलं. मुरूम ओढायचा, पसरायचा, दाबायचा, यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

पण दगड काढताना त्याचं एक दुखणं असं जाणवलं की माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. ते म्हणजे वळणं. जेसीबीची उकरायची बकेट मागे आणि भरायची पुढे. मागच्या हातानं दगड खड्ड्याबाहेर ओढला की तो येऊन बसतो दोन जॅकच्या, म्हणजे मशीन स्थिर ठेवायला टेकवायच्या पायांच्या मध्ये, मशीनच्या पाठीशी. तो हात दोन्ही बाजूंना जाऊन जाऊन अर्ध्या वर्तुळाएवढाच फिरतो, त्यामुळे दगड फार तर खड्ड्याच्या डाव्या नाहीतर उजव्या काठावर ठेवता येतो. आवाराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा असेल तर मग सोहळा सुरू. ऑपरेटर सीट फिरवणार, जॅक उचलणार, मशीन गेटमधून रस्त्यावर काढणार, दुचाकीवाल्यांना हात करून थांबवणार, तोंड फिरवून परत आत येणार, पुढच्या बकेटीत दगड घेऊन कोपऱ्यात टाकणार. पुढचा दगड उकरायला हेच सगळं उलट्या क्रमानं. मशीनची लांबी वीसेक फूट, आवार तीन-चार गुंठ्यांचं, त्यात घर उभं, एका कडेला बोअर, दुसरीकडे पाण्याची टाकी. आतल्या आत वळायला जागाच नाही. आणि मीटर चालू. माझ्या डोळ्यांना तरी तासातला बराचसा वेळ दगडात न जाता येण्याजाण्यात गेलेला दिसला. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “दगड काढालायसा का गाडी शिकालायसा?”

त्यात प्रत्येक वेळी जॅक नव्यानं टेकवायचे. भरावाच्या मुरुमात ते रुततात, फरशीवर टेकले तर फरशी जाते, आणि खालून ड्रेनेजचा पाइप गेला असेल तर तुमचं नशीब. हा दोष मशीनचा कमी, जागेचा जास्त, हे मान्य. माळावरच्या दहा गुंठ्यांत यातलं काहीच झालं नसतं.

मिनी पोकलेनचं डोकं गोल फिरतं. माझ्या लेखी त्याचं मोठेपण एवढ्यातच आलं. दगड समोरून घेतला, फिरला, पाठीमागे ठेवला, आणि ट्रॅक जागचा हललेला नाही. शिवाय बूम, म्हणजे बकेटचा हात, बुडापासून बाजूला वळवता येतो, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीला लागून चर घेता येतो. जेसीबीला तिथे तिरकं उभं राहून कसरत करावी लागत होती. रुंदी पाच फुटांच्या आसपास, म्हणजे घराच्या कडेच्या मोकळ्या पट्ट्यातून मागे जातो. त्याहून अरुंद बोळ असेल तर दीड-दोन टनी मशीन बघा. त्यातल्या काहींचे ट्रॅक आत घेतले की मीटरभर रुंदीतून निघतात. पण त्यांच्याकडून मोठ्या दगडाची अपेक्षा ठेवू नका.

मात्र मिनी दगड उचलत नाही, सरकवतो. हे समजून घेतलं नाही तर पहिल्याच दगडाला हिरमोड होईल. आमच्याकडे आलेले ऑपरेटर मामा आल्या आल्या म्हणाले, “मालक, ह्यो उचलायचा न्हाई, ह्येला चालवत न्यायचा.” आणि बराच वेळ त्यांनी दगडाला स्पर्शसुद्धा केला नाही. तीन बाजूंनी चर घेतला. चौथ्या बाजूला, जिकडे दगड न्यायचा तिकडे, लांबट उतार काढला. मग ट्रॅकचं तोंड दगडाकडे करून पुढचं पातं जमिनीत रोवलं, बकेटचे दात दगडाच्या बुडाखाली घातले आणि बकेट नुसती आत वळवली. बूम उचलायचा मोह टाळायचा, कारण वजन हाताच्या टोकाला गेलं की मागचा भाग उठतो, आणि आडव्या बाजूला घेतलं तर पलीकडचा ट्रॅकच जमीन सोडतो. दगड वीतभर उठला की लहान धोंडा खाली सारायचा, तोही लांबून, पहारीनं ढकलून. दगडाखाली हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. असं टेकण देत देत दगड उताराच्या तोंडाशी येतो आणि तिथून लोळवत नेता येतो. ओल्या मातीत रुतलेला दगड सुरुवातीला हलतच नाही, तेव्हा कडेनं पहार घालून खाली हवा शिरू द्यायची. सुटताना त्याचा आवाज येतो.

या पद्धतीनं ३ फुटी दगड आरामात निघाले आणि त्याच्या वरचे कुरकुरत निघाले. ४ फुटांपासून पुढे मात्र तो फोडल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि इथे जेसीबीचं पारडं जड होतं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मिनीचा ब्रेकर लहान. ताज्या काळ्या दगडावर तो नुसती पांढरी भुकटी पाडत बसतो. एका ठिकाणी पंधरा-वीस सेकंदांत चीर गेली नाही तर जागा बदलून कडेकडेनं यायचं, नाहीतर छिन्नी तापते आणि दगड तसाच. दुसरं म्हणजे दगड खड्ड्यात, मातीनं धरलेला असतानाच फोडून घ्या. बाहेर काढल्यावर गोल दगड ब्रेकरखालून निसटत राहतो. फोडाफोडीच्या आधी शेजाऱ्यांच्या भिंतीवरच्या जुन्या भेगांचे फोटो काढून ठेवा, शेजाऱ्यांना बोलावून, त्यांच्यादेखत. संबंध टिकतात.

म्हणून मोठ्या दगडांना मी मोठ्या ब्रेकरच्याही आधी छिन्नी-पाचरीच्या माणसाला विचारेन. कॉम्प्रेसरच्या ट्रॅक्टरनं एका ओळीत भोकं मारायची, त्यांत पाचरी बसवून आलटून पालटून ठोकायच्या, की दगड ओळीवर दुभंगतो. वडार कारागिरांची नजर यात तयार असते. दगडावर पाणी मारून ते चीर कुठे आहे ते बघतात, मग भोकं कुठे हे ठरवतात. रंकाळा मुळात दगडाची खाण होती असं जिथे सांगतात, त्या गावात ही विद्या अजून अगदीच संपलेली नाही. भोकांत भरायची पावडरही मिळते. चुन्याच्या जातीची असते, पाण्यात कालवून ओतली की फुगते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत दगड तडकवते. आवाज नाही, हादरा नाही. फक्त भरलेल्या भोकावर वाकून बघायचं नाही, उसळून डोळ्यांत जाते. सुरुंगाचं नाव वस्तीत काढूच नका, परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे. दोन-तीन तुकडे झालेला दगड मिनीच्या आवाक्यात येतो, आणि मग मोठ्या मशीनचं कारणच उरत नाही. निदान माझ्याकडे उरलं नाही.

मिनीच्या खोड्याही सांगतो. नव्यानं फुटलेल्या काळ्या दगडाची धार रबरी ट्रॅकला चिरते, त्यामुळे चांगला ऑपरेटर तुकड्यांवर जागच्या जागी वळत नाही. आधी मुरूम पसरा म्हणतो, आणि त्यात वेळ जातो. मशीन गाडीवर चढून येतं, तेव्हा वाहतूक दोन्ही बाजूंची तुमच्या माथी आणि वर किमान तासांची अट. तासाच्या दरात मला तरी दोन्हींचा फार फरक सांगितला गेला नाही, जो काही फरक होता तो या वाहतुकीचा. गेटजवळ, रस्त्याला लागून एकदोनच दगड असतील तर जेसीबी सांगा आणि मोकळे व्हा. तिथे मी स्वतःसुद्धा मिनी सांगणार नाही.

निघालेल्या दगडाचं काय, हे मशीन यायच्या आधी ठरलेलं बरं. फुटलेले तुकडे सोलिंगला, म्हणजे फरशीखालच्या दगडी थराला, जातात, बरे चेहऱ्याचे गोटे उताराच्या कडेला बांध म्हणून बसतात. जागा असेल आणि वर काही बांधायचं नसेल तर शेजारीच खोल खड्डा घेऊन दगड त्यात लोटणं सगळ्यात स्वस्त. मिनीला तर हे काम फार सोयीचं, एका जागेवरून खड्डाही होतो आणि लोटणंही. आवाराबाहेर विकायला काढलात तर मात्र तो गौण खनिजाचा मामला होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली विनापरवाना दगडावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो, तेव्हा तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि बाहेर न्यायला ट्रॉली लागणार असेल तर कॅलेंडर बघा. दिवाळीनंतर गळीत हंगाम धरला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाला लागतात आणि तुमच्या दगडाला कोण विचारत नाही. पावसाळ्यात मुरूम निसरडा, खड्ड्यात पाणी. कारखान्यांचे पट्टे पडल्यापासून, म्हणजे हंगाम संपल्यापासून, पाऊस लागेपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे.

मिनी सांगायचं ठरलंच तर फोनवर एवढं विचारून घ्या: ब्रेकर सोबत येणार का, आणि बकेट काढून ब्रेकर लावायचा वेळ मीटरमध्ये धरतात का? चर घ्यायला फूटभर रुंदीची बकेट आहे का? मशीन आणणारी गाडी तुमच्या गल्लीत शिरते का, नाहीतर मिनी कोपऱ्यावर उतरवून डांबरावरून चालवत आणावा लागतो. आणि ऑपरेटरनं याआधी दगड काढलेत, की नुसते पाइपलाइनचे चर मारलेत? चराची सवय झालेला हात दगडावर बकेट आपटत राहतो, आणि बकेटचे दात तुटले तर ते कुणाच्या खर्चात, हेही त्याच फोनवर विचारा.