झोपेतून उठलेला लॅपटॉप अडखळतो: स्लीप, हायबरनेट की थेट दुरुस्ती?

नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसताना लॅपटॉप झाकला, इगतपुरीला उघडला तर वायफाय गायब. रीस्टार्ट केल्यावर परत जागेवर. दोन दिवसांनी टचपॅड मेला, मग आठवडाभर काहीच नाही. एमजी रोडवरच्या दुकानात नेला, तर तिथे पठ्ठ्या अगदी शहाण्यासारखा वागला.

पहिला मार्ग म्हणजे स्लीप, म्हणजे झाकण मिटल्यावर लॅपटॉपला लागणारी झोप, चालू ठेवून दोष शोधणं. जुन्या स्लीपमध्ये रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) सोडून बहुतेक भागांची वीज तुटायची. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' असतं. ते मोबाइलसारखं डुलक्या घेतं, मधेच जागं होतं. बॅगेत लॅपटॉप तापतो तो पुष्कळदा त्यामुळेच. उठताना वायफाय कार्ड, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क), टचपॅड यांना जागं करणं हे ड्रायव्हर (त्या त्या भागाला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) आणि बायोसचं (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचं) काम, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. उपाय फुकट आहेत: कंपनीच्या साइटवरून बायोस आणि ड्रायव्हर अपडेट करणं, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाची वीज वाचवण्याची टिक काढणं. पण एका वेळी एकच बदल करायचा आणि चार दिवस वाट बघायची. दोष रोज येत नसेल तर महिना यातच जातो.

घाई असेल तर हायबरनेट. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरंच बंद होतं, त्यामुळे उठताना प्रत्येक भाग नव्याने सुरू होतो. उघडायला स्लीपपेक्षा वेळ जास्त, आणि १६ जीबी रॅम असेल तर विंडोज साधारण साडेसहा जीबी जागा अडवतं. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण काम अडत नाही आणि तपासणीही होते. आठवडाभर हायबरनेट वापरून त्रास थांबला, तर संशय ड्रायव्हर-बायोसवर. तरीही राहिला, तर हार्डवेअरवर.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. झाकण मिटताना बिजागरीतून जाणारी केबलही वाकते आणि आपण दोष स्लीपला देतो. म्हणून दोन-तीन दिवस झाकण न मिटता, मेन्यूतूनच स्लीप करून बघा. तेवढ्याने सगळं सुरळीत झालं, तर ड्रायव्हर अपडेट करत बसू नका.

दुरुस्तीला पैसे कधी घालावेत? झाकण हलवल्यावर स्क्रीन किंवा कॅमेरा लुकलुकत असेल, किंवा पूर्ण बंद करून चालू केल्यावरही तीच एरर येत असेल तेव्हा. मात्र विंडोजचं 'शट डाउन' फास्ट स्टार्टअपमुळे, म्हणजे लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे, अर्धवट असतं; शिफ्ट दाबून शट डाउन करा. एसएसडीच दिसेनाशी होत असेल तर दुकान गाठण्याआधी बॅकअप. आणि एरर दिसली की मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण काउंटरवर ती येणार नाही.