सीव्हीटी गिअरबॉक्स बदलायचा की दुरुस्त करायचा? दहा महिने, ११,४०० किलोमीटर आणि दोनदा खाली उतरलेला बॉक्स

मे २०२५. वाईला मावसभावाच्या मुलाची मुंज होती. गाडीत आई आणि मी, मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्या. खंबाटकीचा चढ निम्मा झाला असेल. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन साडेतीन हजारांवर ओरडतंय आणि गाडी वीसच्या पुढे जायला तयार नाही. पुढच्या वळणाला इंजिनचा दिवा लागला. मागून ट्रक हॉर्न देत होते. कशीबशी कडेला घेतली, अर्धा तास थंड होऊ दिली, पुन्हा निघालो, तर शंभर मीटरवर परत तेच. आई म्हणाली, "बाबांची कायनेटिक होंडा अशीच करायची, पट्टा सरकायला लागला की." त्या उन्हात मला ते ऐकवेना. पण तत्त्व तेच आहे. १९८४ साली आलेल्या त्या स्कूटरमध्ये दोन पुल्या आणि रबरी पट्टा होता, माझ्या गाडीत दोन पुल्या आणि पोलादी पट्टा आहे. पुल्या पट्ट्याला किती जोरात आवळून धरतात यावर सगळं अवलंबून, आणि तो जोर तेलाच्या दाबातून येतो. माझ्या गाडीत तो दाबच पडला होता.

गाडी २०१८ ची, पेट्रोल, सीव्हीटी, म्हणजे ठरलेल्या गिअरांऐवजी या पुल्या आणि पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्या दिवशी रीडिंग ८४,२१०. गाडीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव देत नाही. सीव्हीटी बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत आहे आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडतं.

घाटात बोलावलेला क्रेनवाला सरळ दोरी बांधून ओढायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. पुढची चाकं चालवणारी सीव्हीटी गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली, तर इंजिन बंद असल्यामुळे तेलाचा पंप बंद राहतो आणि आतलं सगळं कोरडं फिरतं. चाकं उचलूनच न्यायची. त्याचे बाराशे जास्त गेले. दहा महिन्यांच्या खर्चातले ते सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. कोड पी ०८६८, म्हणजे ट्रान्समिशनच्या तेलाचा दाब कमी. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर एस्टिमेट आलं: नवीन असेंब्ली, म्हणजे अख्खा गिअरबॉक्स, २,१०,०००, त्यावर २८ टक्के जीएसटी, म्हणजे २,६८,८००. लेबर, तेल, सील धरून २,९५,४००. मी फोन करून विचारलं, "बॉक्स उघडून बघितला का?" उत्तर आलं, "मॅडम, सीव्हीटी आम्ही उघडत नाही. असेंब्लीच बदलतो." बरं, बॉक्स नाही तर नाही, खालचा तेलाचा पॅन तरी उघडलात का? तोही नाही. तेल कसं होतं, काळं, जळकट, चमचमणारं? बघितलं नाही. फक्त कोड वाचून तीन लाखांचा निर्णय, आणि त्या कोड वाचण्याचे २,४०० वेगळे. मी जॉब कार्डवर 'पॅन उघडलेला नाही, तेल तपासलेलं नाही' असं लिहून मागितलं. द्यायला तयार होईनात. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, तेव्हा चौथ्या दिवशी तसं लिहिलेली प्रत मिळाली. २,४०० मात्र भरावेच लागले.

विम्यातून पैसे मिळाले नाहीत का, असं अनेकांनी विचारलं म्हणून सांगते. 'इंजिन आणि गिअरबॉक्स प्रोटेक्ट' घेतलं होतं, पण ते पाणी शिरलं किंवा खालून मार बसून तेल गळालं तर कामी येतं. झीज त्यात बसत नाही. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते. तेव्हा मी अठरा हजार वाचवले होते. ते आता डोळ्यांसमोर येतात.

मग वहीत आकडे मांडले. पेट्रोलच्या प्रत्येक भरण्याची नोंद ठेवायची माझी सवय आहे, त्याच वहीत. जुन्या गाड्यांच्या डीलरकडे आहे त्या अवस्थेत गाडीला २ लाख ६० हजार येत होते, गिअरबॉक्स ठणठणीत असता तर पाचाच्या आसपास. म्हणजे २ लाख ९५ हजार घालून गाडीची किंमत वाढणार २ लाख ४० हजारांनी. नवीन ऑटोमॅटिक घ्यायची तर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीलाही महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, वर विमा आणि पाच वर्षांचे हप्ते. कुर्ल्याहून जुना बॉक्स ८५ हजारांत मिळत होता, त्यावर एक महिन्याची 'टेस्टिंग गॅरंटी'. तो किती किलोमीटर चाललेला, त्यात कुठलं तेल होतं, हे सांगणारं कोणी नाही. शिवाय आमच्या बॉक्समध्ये व्हॉल्व्ह बॉडीचा, म्हणजे तेलाचा दाब हवा तिथे पोचवणाऱ्या भागाचा, कॅलिब्रेशन डेटा (त्या भागाचे जुळवणीचे आकडे) कंट्रोलरमध्ये भरावा लागतो. तो जुन्या बॉक्सबरोबर आला नाही तर गाडी धक्के मारत चालते. तो पर्याय मी एका संध्याकाळीच खोडला.

ऑफिसमधल्या एकाने हडपसरजवळचं गॅरेज सुचवलं, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारं. तिथल्या मिस्त्रींनी पहिलंच वाक्य म्हटलं, "ताई, आधी पॅन काढू. तोवर मी पैशाचं बोलत नाही."

ते दृश्य नीट सांगते, कारण माझा सगळा निर्णय तिथे झाला. तेल निघालं ते कॉफीच्या रंगाचं, जळकट वासाचं. नवीन तेल शेजारी काचेच्या ग्लासात ओतून दाखवलं, ते हिरवट आणि पारदर्शक होतं. पॅनच्या तळाला गोल मॅग्नेट असतात, त्यांवर करडा लेप जाड बसला होता. मिस्त्रींनी तो माझ्या बोटावर दिला आणि म्हणाले, चोळा. काजळासारखा मऊ लागला. मग पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरला. "यात चमकणारे तुकडे, सुईसारख्या काड्या दिसल्या असत्या, तर मीच तुम्हाला नवीन बॉक्स घ्या म्हटलं असतं." तुकडे नव्हते. बॉक्स खाली उतरवल्यावर पुल्यांच्या चकत्यांवरून नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं तर पुलीला चरे पडलेत, मग पट्टाही गेलेला असतो आणि दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही. माझं नख कुठेच अडकलं नाही. पट्ट्यात ओवलेल्या शेकडो पातळ पोलादी पात्याही एकसारख्या होत्या. बिघाड व्हॉल्व्ह बॉडीत होता: प्रेशर सोलेनॉइड (तेलाचा दाब कमी-जास्त करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) अडकत होता. शिवाय तेल गाळणारी जाळी चोंदली होती, फॉरवर्ड क्लचच्या (गाडी पुढे नेणाऱ्या क्लचच्या) प्लेटा करपल्या होत्या. हे तपासायला दीड दिवस लागला. ज्यांनी मला तीन लाख सांगितले त्यांना दीड तासही द्यावासा वाटला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणि आता डिपस्टिक. यावर मी घरी इतकी बोलले आहे की मुलगी आता खोलीतून निघून जाते, पण इथे लिहिणारच. इंजिनला डिपस्टिक असते. कोणीही बॉनेट उघडून, काडी पुसून, बुडवून तेल बघू शकतं: किती आहे, कसं आहे. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. तेलाची पातळी बघायला गाडी लिफ्टवर सपाट चढवायची, तेल ठरलेल्या तापमानाला आणायचं, खालचा ओव्हरफ्लो प्लग काढायचा आणि धार थेंबांवर कधी येते ते बघायचं. म्हणजे मालकाने स्वतः बघायची सोयच काढून टाकलेली. सात वर्षं मी इंजिनचं तेल दर महिन्याला बघितलं, टायरची हवा बघितली, बॅटरीचं पाणी बघितलं. गिअरबॉक्सचं तेल मला दिसूच शकत नव्हतं. एका पोलादी काडीचे किती पैसे लागतात? ती असती तर साठ हजार किलोमीटरलाच कॉफीचा रंग दिसला असता, आणि पाच हजारांच्या तेलात काम भागलं असतं.

सर्व्हिसला दर वेळी विचारलं होतं. दर वेळी उत्तर: "सीव्हीटी ऑईल लाइफटाइम आहे." घरी येऊन मॅन्युअल काढलं. बारीक अक्षरांत तक्ता आहे, 'कठीण वापर' असेल तर तेल तपासून बदलावं. कठीण वापर म्हणजे काय? थांबत-चालत जाणारी वाहतूक, उष्ण हवा, धूळ, वारंवार घाटरस्ते. सकाळी साडेनऊला सिंहगड रोडने निघून स्वारगेटला पोचणाऱ्या कोणत्याही माणसाचा हाच वापर आहे! पुण्यात सौम्य वापराची एकही गाडी मला माहीत नाही. सर्व्हिस ॲडव्हायजरला हा तक्ता माहीत नसेल असं मी मानत नाही.

असो. दुरुस्तीचा खर्च: सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीचं काम २४,०००, क्लच प्लेटा आणि सील किट १३,५००, जाळी आणि दोन फेऱ्यांचं तेल ११,०००, लेबर १८,०००, स्कॅनरने कॅलिब्रेशन २,५००. एकूण ६९,०००, सहा महिन्यांची लेखी गॅरंटी. दोन फेऱ्या यासाठी, की एका ड्रेनमध्ये सगळं तेल निघत नाही, निम्मं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, तेलाने भरलेल्या भागात) आणि कूलरमध्ये राहतं. पाचशे किलोमीटरनंतर परत बदललं. मिस्त्री आणखी एक म्हणाले होते: "बॉक्स खाली आहेच, तर पुल्यांची बेअरिंगं टाकून घ्या, ९,८००." बेअरिंगं फिरवून बघितली, आवाज नव्हता. मी नको म्हटलं.

जूनच्या मध्यावर गाडी हातात आली. पहिले पाच महिने अगदी समाधानाचे. सिग्नलवरून सुटताना पूर्वी जी थरथर यायची, मी तिला रस्त्याचा दोष समजत होते, ती पूर्ण गेली. वहीत बघा: बिघडण्याआधीच्या सहा महिन्यांत मायलेज घसरत १२.८ वर आलं होतं, दुरुस्तीनंतर १४.९. पावसाळ्यात ताम्हिणी केला, दिवाळीत कोल्हापूर. त्या वेळी मी हा अनुभव लिहायला घेतला असता तर 'डोळे मिटून दुरुस्त करा' असंच लिहिलं असतं.

मधे सप्टेंबरमध्ये जीएसटी बदलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के. नवीन बॉक्सची किंमत त्याच मूळ दराने २,४७,८०० झाली, म्हणजे २१,००० कमी. एक दिवस मन डळमळलं, थांबले असते तर? पण चार महिने गाडी बंद ठेवून रिक्षाने फिरण्याचा हिशेब मांडला आणि विषय सोडला. आता ज्यांना हा निर्णय घ्यायचाय त्यांनी मात्र मेमधलं नव्हे, आजचं एस्टिमेट घ्यावं. जुनं एस्टिमेट असेल तर त्यावरचा जीएसटी नक्की बघावा.

नोव्हेंबरच्या शेवटी, ८९,६०० च्या आसपास, पन्नास ते साठच्या वेगात बारीक भुणभुण सुरू झाली. आधी टायर वाटले, अदलाबदल करून बघितले. आवाज तसाच. मिस्त्रींनी शेजारी बसून एक चक्कर मारली आणि बॅटरी बदलायला सांगावी इतक्या सहज म्हणाले, "बेअरिंग." गॅरंटी सहा महिन्यांची होती, पण बेअरिंग मीच नाकारलं होतं आणि बिलावर तशी नोंद होती. वाद घालायला जागा नव्हती, आणि तो माणूस खोटं बोललेला नव्हता. बॉक्स पुन्हा खाली. बेअरिंगं ९,८००, लेबर त्यांनी कमी करून १०,५००, तेल ४,२००. एकूण २४,५००. जूनमध्ये ९,८०० वाचवायला गेले आणि डिसेंबरमध्ये १४,७०० जास्त दिले. बॉक्स एकदा खाली उतरला की बेअरिंगं टाकूनच घ्या, जुनी शांत फिरत असली तरी. माझं मत बदललं ते एवढ्यापुरतंच. दुरुस्तीचा निर्णय आजही बरोबर वाटतो: ९३,५०० विरुद्ध तेव्हाचे २,९५,४००.

पण एक स्पष्ट सांगते. मॅग्नेटवर चमकणारे तुकडे असते, नख अडकलं असतं, तर मी एक रुपयाही दुरुस्तीत घातला नसता. तेव्हा प्रश्न नवीन बॉक्स की गाडीच विकायची एवढाच उरला असता, आणि माझ्या आकड्यांनुसार मी गाडी विकली असती. तुम्हाला कोणी पॅन न उघडताच असेंब्ली सांगत असेल, तर गाडी तिथून उचला. पॅन उघडायला, तेल आणि जाळी धरून, मला ६,००० च्या आत खर्च आला असता असं मिस्त्री म्हणाले. तीन लाखांचा निर्णय घेण्याआधी तेवढे खर्च करायला हरकत नसावी.

कुरबुरी शिल्लक आहेत. सकाळी पहिल्यांदा 'आर' टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते, मग मागे जाते. पूर्वी एवढं नव्हतं. मिस्त्री म्हणतात नव्या क्लच प्लेटांमुळे. मी लक्ष ठेवून आहे. चढावर मी आता एकदम ॲक्सिलरेटर दाबत नाही, घाट सुरू व्हायच्या आधीच 'एल' (लो) टाकते.

आज रीडिंग ९५,६१०. गेल्या महिन्यात आईला घेऊन त्याच वाईला गेले. खंबाटकीत मेमधल्या त्या वळणावर आईने डोळे मिटून हात जोडले. गाडी चाळिसावर होती, इंजिन दोन हजारांवर, आवाज नाही. सुरूर फाट्याला चहा घेतला तेव्हा ती म्हणाली, "आता कधी बदलायचं तेल?" बॉनेटच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या मार्करने लिहून ठेवलंय: गिअरबॉक्स तेल, १,०९,०००. तिला बॉनेट उघडून दाखवलं.