इंटरनेट बंद करायला सांगितलं, कंपनीने ‘सेफ कस्टडी’त टाकलं

ब्रॉडबँड बंद करायला सांगितल्यावर कंपनीचा जो एसएमएस येतो, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यात ‘सेफ कस्टडी’ किंवा ‘तात्पुरते स्थगित’ असं असेल तर तुमचं कनेक्शन बंद झालेलं नाही. ते फक्त थांबवलेलं आहे आणि काही महिन्यांनी बिल पुन्हा सुरू होणार आहे.

माझ्या सासूबाईंच्या बाबतीत हेच झालं. सासरे गेल्यावर त्या डोंबिवलीचं घर बंद करून आमच्याकडे ठाण्याला राहायला आल्या. गॅस, दूध, पेपर, केबल सगळं भराभर मिटलं. इंटरनेट तेवढं राहिलं आणि त्याने आम्हा सगळ्यांना मेटाकुटीला आणलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखीपाळखीत विचारल्यावर कळलं की हा एकाच कंपनीचा प्रकार नाही.

ॲपमध्ये प्लॅन वाढवायची सोय पहिल्याच पानावर आहे, पत्ता बदलायची आहे, मित्राला जोडायची आहे. कनेक्शन बंद करायची मात्र कुठेच नाही. कस्टमर केअरला ‘बंद करायचंय’ म्हटलं की फोन दुसऱ्या विभागाकडे जातो. त्या विभागाचं कामच गिऱ्हाईक जाऊ न देणं हे असतं. तिथला मुलगा अतिशय गोड बोलत होता. ‘मॅडम, तीन महिने अर्ध्या दरात देतो.’ ‘मॅडम, आजींचं कनेक्शन ठाण्याला शिफ्ट करून देतो, चार्ज नाही.’ आमच्या घरी इंटरनेट आहे, हे सांगूनही तो ऐकेना. शेवटी म्हणाला, ‘ठीक आहे मॅडम, रिक्वेस्ट टाकली. आता तुम्हाला बिल येणार नाही.’

पुढच्या महिन्यात बिल आलं नाही, त्यामुळे आम्हीही विषय संपला असं समजलो. पण त्याने टाकलेली रिक्वेस्ट बंद करण्याची नव्हतीच. लांब गावाला किंवा परदेशी जाणाऱ्यांसाठी कनेक्शन काही काळ थांबवून ठेवायची जी सोय असते, तिच्यात त्याने आम्हाला ढकललं होतं. मुदत संपली, कनेक्शन आपोआप चालू झालं आणि 599 च्या प्लॅनचे जीएसटी धरून 707 रुपये ऑटोपेने सासूबाईंच्या पेन्शनच्या खात्यातून गेले. त्या अजूनही बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात, म्हणून निदान लक्षात तरी आलं. कुलूप लावलेल्या घरातल्या इंटरनेटचे पैसे!

आता ऑटोपेबद्दल. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला आपण दिलेली परवानगी, रद्द करता येतं, त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही. कार्डावर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवावं लागतं, तेव्हा तो मेसेज दुर्लक्षू नका. पण नुसतं मॅन्डेट रद्द केलं म्हणजे कनेक्शन बंद झालं असं होत नाही. आम्ही ते रद्द केल्यावर बिल थकबाकी म्हणून साचायला लागलं आणि मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. तेही थेट सासूबाईंच्या मोबाइलवर. ‘आजी, पैसे भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल, सिबिल खराब होईल.’ आयुष्यात कुणाचा एक रुपया न बुडवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. त्या घाबरून मला न सांगता पैसे भरायला निघाल्या होत्या. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

मध्येच राउटरचा घोळ झाला. लाइनमन म्हणून एक मुलगा डोंबिवलीच्या घरी आला, शेजारच्या काकूंकडे किल्ली होती, त्यांच्याकडून राउटर आणि ॲडॉप्टर घेऊन गेला. पावती दिली नाही. नंतर कंपनी म्हणते, डिव्हाइस आमच्याकडे जमा नाही, त्याचे पैसे अनामत रकमेतून कापू. काकूंनी राउटर देताना त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवला होता, मागचा सिरीयल नंबर त्यात स्पष्ट दिसत होता. तो फोटो नसता तर आमच्या हातात काहीच नव्हतं. राउटर देताना सिरीयल नंबर, तारीख आणि नेणाऱ्याची सही असल्याशिवाय तो दाराबाहेर जाऊ देऊ नका.

फोनवर बोलणं सोडून लेखी सुरुवात केल्यावरच गाडी हलली. मेलमध्ये ग्राहक क्रमांक घालून लिहिलं, की कनेक्शन कायमचं बंद करायचं आहे, सेफ कस्टडी नको, शिफ्टिंग नको, कोणतीही ऑफर नको. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घेतला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे कनेक्शन बंद करण्याची विनंती 7 कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवी, हेही त्यात लिहिलं. पुष्कळजण थेट ट्रायकडे तक्रार करतात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, अशी 2012 च्या नियमांची वाट आहे. अपिलाला फी नाही, ते 30 दिवसांच्या आत करावं लागतं आणि 39 दिवसांत निकाली काढायचं असतं. डॉकेट नंबर नसेल तर मात्र अपील अडतं, आणि फोनवरची माणसं तो नंबर द्यायला टाळाटाळ करतात.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही तक्रार नोंदवली. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’बद्दल, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यातल्या 13 प्रकारांत सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे: रद्द करायची सोय लपवणं, ती मुद्दाम किचकट करणं. ॲपच्या पानांचे स्क्रीनशॉट लावून आम्ही तेच दाखवलं. त्यानंतर कंपनीकडून एका बाईंचा फोन आला. त्यांनी मात्र ऑफर वगैरे न देता दोन मिनिटांत माहिती घेतली.

कनेक्शन आता कायमचं बंद झालंय, थकबाकी शून्य असल्याचा मेल आमच्याकडे आहे, त्याची छापील प्रत सासूबाईंनी पासबुकात ठेवलीय. कापलेले 707 रुपये परत आले. अनामत रक्कम अजून दिलेली नाही, राउटरचं कारण सांगतायत. त्यासाठी अपील केलंय. तिथे झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय, आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.