चार बेचा नॅस, चौदा महिन्यांनंतर: डिस्क खराब व्हायला लागल्यावर काय कळलं

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, आणि बे म्हणजे त्यातला एका डिस्कचा खण. माझ्यात ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (डेटा आणि तो परत काढता येईल असा हिशेब, म्हणजे पॅरिटी, सगळ्या डिस्कवर पसरून ठेवायची पद्धत; एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो). वापरायला १२ टीबी. चौदा महिने दिवसरात्र चालू. फोटो साठवायला, टीव्हीवर सिनेमे लावायला उत्तम, त्यात तक्रार नाही. खरी परीक्षा झाली ती तिसऱ्या ट्रेमधली डिस्क खराब व्हायला लागली तेव्हा, म्हणून लिहितोय तेही त्याबद्दलच.

पडद्यावरच्या हिरव्या ‘हेल्दी’वर विसंबू नका. तो शेरा बहुतेक वेळा कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवरून येतो, आणि ती फार ढिली असते. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या) तक्त्यातले रॉ, म्हणजे मूळ, आकडे स्वतः बघायचे. ५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे), १८७ (दुरुस्त न झालेल्या चुका), १९७ (निकाल न लागलेले सेक्टर), १९८ (तपासणीत वाचता न आलेले सेक्टर) आणि १९९ (डेटा ये-जा करतानाच्या चुका) या पाच ओळी पुरतात.

सगळ्यात बोलकी ओळ १९७ची. डिस्कला जे सेक्टर वाचता येईनात, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, ते इथे दिसतात. हा आकडा बऱ्याचदा ८, १६, २४ असा वाढतो, कारण आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर ५१२ बाइटचे आठ म्हणून मोजला जातो. स्क्रबिंग (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासायचं नॅसचं काम) चालवलं की रेड त्या जागेचा डेटा पॅरिटीवरून काढून पुन्हा लिहितं. लिहिणं जमलं तर १९७ खाली येतो. नाही जमलं तर डिस्क राखीव सेक्टर वापरते आणि ५ नंबरचा आकडा वाढतो. एकदाच वाढून महिनोन्‌महिने तिथेच थांबला तर डिस्क वापरत राहायला हरकत नाही. दर आठवड्याला वाढत असेल तर नवीन डिस्क मागवा, वाट बघू नका. तिसऱ्या ट्रेमध्ये हेच झालं. स्क्रबिंग महिन्यातून एकदा लावलेलं असावंच, नाहीतर कोपऱ्यातले खराब सेक्टर रीबिल्डच्या (नव्या डिस्कवर जुनीचा डेटा पुन्हा उभा करण्याच्या) दिवशी पहिल्यांदा समोर येतात.

१९९ मात्र वेगळी भानगड आहे. हा आकडा वाढला तर दोष बहुधा डिस्कचा नसून जोडणीचा असतो. नॅस बंद करा, ट्रे काढून संपर्क साफ करा, पुन्हा घट्ट बसवा. आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा. दोन डिस्क एकदम गायब झाल्या तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. जुना झालेला अडॅप्टर तिथेच मान टाकतो आणि चांगल्या डिस्क उगाच बदलल्या जातात.

डिस्क बदलायची ठरली तरी आधी बॅकअप, मग रीबिल्ड. रीबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि त्या बहुधा एकाच लॉटच्या, तेवढ्याच जुन्या असतात. त्यातली एक अडखळली तर रेड ५कडे दुसरा आधार नाही. म्हणून जे परत मिळणार नाही ते आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या: फोटो, कागदपत्रं. सिनेमे शेवटी.

ट्रे ओढण्यापूर्वी सिरियल नंबर जुळवा. सॉफ्टवेअरमधली ‘डिस्क ३’ आणि डावीकडून तिसरा ट्रे एकच असतील असं धरून चालू नका. चुकीची डिस्क ओढली की अख्खा व्हॉल्यूम (चारही डिस्क मिळून झालेली साठवण) कोसळू शकतो. प्रत्येक ट्रेवर सिरियलचे शेवटचे चार अंक लिहिलेली पट्टी पहिल्याच दिवशी चिकटवायला हवी.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, आणि सीएमआर हवी (यात डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात; एसएमआरमध्ये त्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात). वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केलं होतं की त्यांच्या ‘रेड’ (Red) या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर आहेत. अशा डिस्कवर सलग लिहिणं मंदावतं आणि रीबिल्ड रेंगाळतं. साधी डेस्कटॉप डिस्कही नको. ती एकाच खराब सेक्टरशी मिनिटभर झगडत बसू शकते आणि तेवढ्यात रेड तिला बाहेर काढतं. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते, मग पॅरिटी काम भागवते. बसवण्याआधी लाँग टेस्ट (डिस्कने स्वतःची सगळी जागा वाचून तपासणं) घ्या, ४ टीबीला बरेच तास लागतात.

सरासरी १२० एमबी प्रति सेकंद धरली तर रीबिल्डला सव्वानऊ तास. घरात कोणी सिनेमा लावला की आणखी वाढतात. टॉरेंट, फोटोंचं इंडेक्सिंग बंद ठेवा. नॅस यूपीएसवर हवाच. मे महिन्यात रीबिल्ड करायची वेळ आली तर कपाटाचं दार उघडं ठेवा, पंखा लावा. डिस्क ४५ अंशांच्या खाली राहिलेली बरी.

डिस्क टकटक वाजत असेल तर वरचं काहीच करू नका. ताबडतोब बंद करा, टेस्टसुद्धा नको. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला तर अजिबात ऐकू नका, आत दव धरतं.

पुन्हा घ्यायचा झाला तर पाच बेचा घेऊन एक बे रिकामा ठेवीन. मग खराब होणारी डिस्क न काढता शेजारच्या नव्या डिस्कवर उतरवता येते, आणि तेवढा वेळ पॅरिटी शाबूत राहते. ही ‘रिप्लेस’ची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे खरेदीआधी विचारा. वॉरंटीत डिस्क परत पाठवताना तिच्यावरचा डेटा बाहेर जातो हेही ध्यानात असू द्या. व्हॉल्यूम सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेला असेल तर ती काळजी उरत नाही. नंतर, अर्धमेली डिस्क पुसायला गेलं तर ती पुसूनही देत नाही.