बदामीच्या घळीत दोन दिवस: भाड्यानं घेतलेली ११-१६ लेन्स कशी वाटली

बेळगावात कॅमेऱ्याचं सामान भाड्यानं मिळतं हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून लिहायलोय. फेब्रुवारीत मी, माझा मावसभाऊ आणि खानापूरचा एक मित्र असे तिघं दोन रात्री तंबू टाकायचा म्हणून बदामीला गेलो. लेणी आधी बघितलेली, यावेळी फक्त घळींचे फोटो काढायचे होते. म्युझियमच्या मागनं उत्तरेच्या किल्ल्यावर जी वाट चढते ना, ती लाल दगडाच्या चिरेतनंच जाते, दोन्हीकडं सरळ उभ्या भिंती, मधी पायऱ्या आणि वर बघितलं तर आकाशाची एक पट्टी. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनचे फोटो बघून मला लई दिवसांचं वेड होतं, तोही वाळूच्या दगडाचाच, पण तो अचानक येणाऱ्या पुरानं घासून घासून गुळगुळीत केलाय. बदामीचा दगड तसा लाटेसारखा वळलेला नाही, भेगा पडून फाकल्यासारखा आहे. उजेड मात्र तसाच खेळतो, हे मी डोळ्यांनी बघून आलोय.

आता लेन्स. क्रॉप बॉडीसाठीची, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याची, ११-१६ एमएम (एमएमचा आकडा लहान तेवढं जास्त दृश्य मावतं), एफ २.८ (हा आकडा लहान तेवढा जास्त उजेड आत येतो), दिवसाला ५०० रुपये आणि वर डिपॉझिट. माझ्याकडची १८-५५ घळीत काहीच कामाची नाही, मागं सरकायला जागाच नसते, पाठ भिंतीला टेकते आणि फ्रेममध्ये नुसता दगडाचा तुकडा येतो. ११ एमएमला पायरीपासून वरच्या कडेपर्यंत सगळं बसलं. शिवाय एएसआयच्या, म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या जागेत परवानगी नसली तर ट्रायपॉड लावता येत नाही, म्हणून २.८ चा खरा फायदा तिथं कळला, सावलीतल्या कोपऱ्यात खांदा भिंतीला टेकवून, श्वास धरून १/१५ सेकंदाला काढलेले फोटो पण शार्प आलेत. ११ एमएमला एफ ४ ठेवून दीड मीटरवर फोकस केला की साधारण पाऊण मीटरच्या पुढचं सगळं स्पष्ट येतं, परत परत फोकस करत बसायला नको.

पहिल्या दिवशी आम्ही सकाळी सातला जाऊन चूक केली. घळीत उजेड येतो दुपारी, साडेअकरा ते एकच्या मधी, ऊन एका भिंतीवर पडतं आणि तिथनं उसळून समोरच्या सावलीतल्या भिंतीवर जातं, आणि ती सावलीतली भिंत आतनं पेटल्यागत केशरी दिसायला लागते. तोच फोटो घ्यायचा, उन्हातल्या भिंतीचा नाही. आकाश फ्रेममध्ये घेऊ नका, नाहीतर ते पांढरं फट्ट होतं आणि खालचं काळं. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणं रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा तो केशरी रंगच धुऊन टाकतो, माझे पहिले चाळीस फोटो त्यानंच राखाडी आले, नंतर डेलाइटवर टाकलं.

एका ठिकाणी गुडघ्याएवढ्या उंचीवर दगडात बारीक लाटा होत्या, नदीच्या ओल्या वाळूवर उठतात तशा, एकाखाली एक. कधीतरी ती खरंच पाण्याखालची वाळू होती. बोट फिरवलं तर कणी हाताला लागते. मी तिथं अर्धा तास बसलो.

लेन्सचे दोष पण सांगतो. उन्हाची कड फ्रेमच्या कोपऱ्यात आली की जांभळा ठिपका पडतो, हातानं सावली धरावी लागते. कॅमेरा जरा वर उचलला तर भिंती आत झुकल्यागत दिसतात. आणि दुकानदारानं दिलेली कॅप ढिली होती, दोनदा पडली, फोकस रिंगमध्ये आधीच्या कुणाची तरी वाळू होती, फिरवताना करकर वाजायची. परत देताना सांगितलं तर ऐकून घेतलं, पण देतानाच साफ करून द्यायला पाहिजे होतं की. घेताना रिंग फिरवून, पुढची काच उजेडात धरून बघा आणि तिथल्या तिथं फोटो काढून ठेवा.

तंबू स्मारकाच्या हद्दीत लावता येत नाही, आम्ही गावाबाहेर एका ज्वारीच्या शेतात विचारून लावला. शेतातल्या आजी संध्याकाळी येऊन 'ऊटा आतेन्री', जेवण झालं का, म्हणून विचारून गेल्या आणि सकाळी गरम भाकरी, शेंगाची चटणी आणून दिली, पैसे घेतले नाहीत, शेवटी आम्ही बेळगावनं नेलेला कुंदा दिला. रात्री वारा लई होता, लांब खुंट्या न्या.

पावसाळ्यात मात्र या चिरांत शिरू नका. त्याच अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला ११ पर्यटक वाहून गेले, पाऊस तिथं फारसा पडलाच नव्हता, लांब वरच्या अंगाला पडलेला. बदामीत पण पावसात कड्यावरनं पाणी कोसळतं, अक्का-तंगी धबधबा तोच की. ते बघायचं तर तळ्याच्या काठावरनं बघा.

पाचातले चार स्टार देतो, एक कमी त्या वाळूपायी. ही लेन्स दुकानात एकच आहे, शनिवार-रविवारसाठी पाहिजे असली तर मंगळवारपर्यंत सांगून ठेवा.