जळगावचा सायकॉलॉजीचा वीकेंड क्लास, एफवायबीएवाल्यांनी नक्की करा

सायकॉलॉजी घेतली आणि रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद ही नावं पाठ करून करून वैतागला असाल तर तुमच्यासाठी लिहितेय. जळगावात रिंगरोडच्या बाजूला एक छोटासा क्लास आहे, शनिवार-रविवार असतो, पूर्ण मराठीतून, आणि माझ्या मते पैसे वसूल आहेत.

इथे पहिल्या लेक्चरला व्याख्या लिहून देत नाहीत, सरळ प्रयोगच करायला लावतात. सरांनी कार्डशीटवर स्केचपेनने रंगांची नावं लिहून आणलेली, 'लाल' हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत असं, आणि शब्द वाचायचा नाही फक्त शाईचा रंग सांगायचा, मोबाईलवर स्टॉपवॉच चालू. चोपड्याहून येणारी एक मुलगी, एरवी बोलण्यात कोणाला ऐकत नाही, ती तिसऱ्याच शब्दाला अडकली आणि मागून आवाज, "काय झालं भो!" मग सरांनी सांगितलं की हा स्ट्रूपचा प्रयोग, 1935 चा. आपण बदललं काय, तर शब्द आणि शाई जुळते की नाही, ते स्वतंत्र चल. मोजलं काय, तर वेळ, ते परतंत्र चल. अर्ध्या पोरांना जुळणारा तक्ता आधी दिला, अर्ध्यांना नंतर, नाहीतर सरावाने किंवा थकल्याने वेळ बदलला असं कोणीही म्हणेल ना. हे एकदा हाताने केलं की परत पाठ करावं लागत नाही.

संप्रदायही, म्हणजे रचनावाद-वर्तनवादासारखे सायकॉलॉजीतले विचारप्रवाह, असेच शिकवतात, मला हे सगळ्यात जास्त आवडलं. वुंटने 1879 मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली हे सगळ्या गाईडांत असतं, पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, की तिथल्या पद्धतीत, म्हणजे आपल्याच मनात काय चाललंय ते पाहून सांगायच्या अंतर्निरीक्षणात, दोन माणसांचं जुळलं नाही तर खरं कोणाचं मानायचं? त्याच चिडीतून वर्तनवादवाला वॉटसन 1913 मध्ये म्हणाला की मन बाजूला ठेवा, दिसतं ते वर्तन मोजा. म्हणजे मोजायचं कसं यावरूनच भांडण होतं! फ्रॉइडवर तर अख्खा रविवार गेला, मोजक्या पेशंटच्या व्यक्ति-अभ्यासावरून सगळ्या माणसांबद्दल किती बोलावं यावर पोरं खूप तावातावाने बोलली. पुढे बोधात्मकवाले, म्हणजे विचार-स्मरण-लक्ष यांचा अभ्यास करणारे, आले आणि मन परत आणलं, पण घड्याळ लावून, आपल्या त्या तक्त्यासारखंच.

सहसंबंधाचं, म्हणजे दोन गोष्टी सोबत वाढतात-घटतात त्याचं, उदाहरण तर अगदी आपल्याकडचं. भुसावळ-जळगावात कूलर जास्त विकले जातात तेव्हाच ऊन लागलेले पेशंट पण वाढतात, मग कूलरने ऊन लागतं का? तिसरी गोष्ट म्हणजे तापमान, ते दोन्ही वाढवतं. ह्या एका उदाहरणावर पेपरातल्या बातम्या वाचायची माझी पद्धतच बदलली.

कमी काय, तर संख्याशास्त्र फार पळवलं, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) एका बैठकीत उरकलं आणि आर्टसची पोरं गोंधळलीच. समष्टिवाद (गेस्टाल्ट, म्हणजे आपण सुटे भाग नाही तर अख्खी आकृती पाहतो असं मानणारा प्रवाह) पण घाईत. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की आकृत्या दिसतच नाहीत, आणि मे महिन्यात त्या हॉलमध्ये दुपारी बसवत नाही, सकाळची बॅच मागून घ्या.

फी हप्त्याने चालते. समुपदेशन शिकायचं म्हणून जात असाल तर मात्र आधी विचारून घ्या, ते इथे शिकवत नाहीत.