इंडियन ओशन लाइव्ह: मधलं बोलणं बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

आधी सरळ सांगतो, इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड लाइव्ह बघायचा चान्स मिळाला तर सोडू नका, सांगलीतून पुण्याला जायला लागलं तरी चालतंय. आम्ही पोरं गाडी करून गेलो, शो बघितला आणि रात्रीत परत आलो. शो नादखुळा झाला. पण परत येताना खंबाटकी घाट चढायच्या आधीच गाडीत जे वाजलं ते पेठ नाक्यावर चहाला थांबलो तरी मिटलं नव्हतं आणि अजून ग्रुपवर चालूच आहे, म्हणून म्हटलं एकदा बैजवार लिहूनच टाकू.

वाद काय, तर बँडमधे बेस गिटार वाजवणारा आणि गाणारा राहुल राम दोन गाण्यांच्या मधे बोलतो. नर्मदेवर बोलतो, धरणावर बोलतो, सरकारवर पण बोलतो. आमच्यातल्या थोरल्या दादाचं म्हणणं, तिकीट गाण्याचं काढलंय, भाषण ऐकायचं असतं तर स्टेशन चौकात सभेला गेलो असतो. दुसरी पार्टी म्हणते, हा बँड बोलायचा बंद झाला तर मग त्यात आणि लग्नातल्या ऑर्केस्ट्रात फरक काय राहिला. मला दोन्ही पटत नाहीत. दादाचं जरा जास्तच पटत नाही, त्यामुळे त्याच्यापासनंच सुरू करतो.

दादा, तू 'मा रेवा'ला डोळे मिटून मान हलवत होतास, मी बघितलंय. ते गाणं आलं कुठून? ते काय कुठल्या स्टुडिओत बसून बांधलेलं नाही. राहुल राम आयआयटी कानपूरला शिकला, पुढं अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी केली आणि परत येऊन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात खोऱ्यातल्या गावांत राहून काम केलं. 'मा रेवा' हे नर्मदाकाठचं पारंपरिक गाणं तो तिथनं घेऊन आला. म्हणजे आंदोलन नसतं तर ते गाणं या बँडकडं आलंच नसतं, आणि तू म्हणतोस गाणं ठेव, आंदोलन काढ. कसं काढायचं ते? ज्या खोऱ्यातनं गाणं उचललं त्या खोऱ्याचं नाव दोन मिनिटं घेतलं तर त्याला भाषण म्हणायचं का?

आणि ते खोरं काय फार लांबचं नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात पहिल्यांदा गेलेल्या गावांत मणिबेली होतं, आपल्याच महाराष्ट्रातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं. 'कंदिसा' हा अल्बम, ज्यात 'मा रेवा' आहे, तो 2000 साली आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे सुप्रीम कोर्टाने धरणाचं काम पुढं न्यायला परवानगी दिली. पुढं उंची वाढत वाढत 138.68 मीटर झाली आणि 2017 ला लोकार्पण पण झालं. ग्रुपवर एकानं लिहिलं की मग गाण्यानं काय झालं, धरण थांबलं का? नाही थांबलं. पण आज पुण्यात जमलेल्या विशी-बाविशीच्या पोरांना, ज्यातली बरीच त्या निकालानंतर जन्मलेली, मणिबेली हे नाव कुठून कळणार होतं? मला स्वतःला ते या गाण्यामागं लागूनच कळलं.

आपल्या भागातल्या माणसानं तर हा प्रश्न विचारूच नये असं मला मनापासून वाटतं. कोयनेची वीज सगळ्या महाराष्ट्राला गेली आणि ज्यांची गावं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली ती माणसं कुठल्या कुठं जाऊन राहिली, त्यांची पोरं-नातवंडं अजून जमिनीसाठी आणि दाखल्यांसाठी पाटणला, साताऱ्याला धरणं धरून बसतात. चांदोली धरणाचं तेच. आपल्या शाळेत वर्गात धरणग्रस्तांची पोरं होती, आठवतंय का, त्यांच्या वसाहतीला आपण नुसतं 'वसाहत' म्हणायचो आणि कुठनं आले हे कधी विचारायचो नाही. आणि 2019 च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्यानं 57 फूट ओलांडली, गावभाग पाण्यात गेला, तेव्हापासून नदी, धरण, विसर्ग, अलमट्टी हे शब्द आपल्या घरातल्या आज्जीच्या पण तोंडात आहेत. दर पावसाळ्यात आपण पुलाची फूटपट्टी बघायला जातो. अशा गावची माणसं 'मा रेवा' ऐकताना नदीचं राजकारण नको म्हणतात हे मला झेपत नाही. मला तर त्या गाण्यात सरळ कृष्णामाई दिसते.

आता शोबद्दल, कारण हा रिव्ह्यू आहे आणि नुसतं मत मांडून भागणार नाही.

सुरुवातीला साऊंड गडबडला होता, बेस एवढा वर होता की तबला आणि गिटार त्याच्याखाली दबत होते, तिसऱ्या गाण्यापर्यंत जमलं. हे बँडचं कमी आणि हॉलचं जास्त होतं असं मला वाटतं. नंतर मात्र विषय हार्ड. अमित किलम ड्रम्स वाजवतो, मधेच क्लॅरिनेट उचलतो, मधेच ते गबगुबी नावाचं एका तारेचं वाद्य काखेत धरतो, आणि त्या एका तारेवर एवढ्या गर्दीला नाचवतो. तुहीन चक्रवर्ती तबल्यावर. हिमांशू जोशीचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं बोलत नाही. निखिल रावची गिटार मात्र वेगळ्या जातीची आहे आणि इथं जुने फॅन नाक मुरडतात, त्यावर पण बोलतो.

जुन्यांचं दुखणं मला समजतं. असीम चक्रवर्ती मांडी घालून बसायचा, तबला पण वाजवायचा आणि गायचा पण, आणि सुष्मित सेनच्या गिटारमधे एक तार सतत खाली घुमत राहायची, तंबोऱ्यासारखी. मिरजेचा माझा मित्र, ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या सतार-तंबोरे बनवतात, तो पहिल्यांदा सुष्मितचं वादन ऐकून म्हणाला होता, याला जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा नाद, कळते. यापेक्षा मोठी पावती मिरजेत मिळत नाही. असीम 25 डिसेंबर 2009 ला गेला. सुष्मित 2013 ला बाहेर पडला. 1990 ला दिल्लीत ज्या दोघांनी हे सगळं सुरू केलं ते दोघंही आता स्टेजवर नाहीत, मग हा तोच बँड का? माझं उत्तर, आवाज तोच नाही, बँड तोच आहे. निखिल रावची गिटार जास्त इलेक्ट्रिक, जास्त धारदार, ती घुमत बसत नाही, पुढं पळते. 'कंदिसा' या गाण्यात मला जुनी गिटार आठवली, कमी जाणवली, हे मान्य. पण 'हिल्ले ले'ला ही नवी गिटार अशी चढते की जुन्या रेकॉर्डिंगपेक्षा मला कालचं जास्त आवडलं.

'हिल्ले ले'वरनंच दुसऱ्या पार्टीशी माझं भांडण आहे. हे गाणं गोरख पांडे या कवीचं, भोजपुरी, जनता उठली की दुनिया हलते अशा अर्थाचं. पांडे 1989 ला गेले, त्यांची गाणी बिहार-यूपीच्या चळवळीत गायली जायची. आता ग्रुपमधल्या आपल्या क्रांतिकारकांचं म्हणणं असं की आयटीतली पोरं हातात ग्लास घेऊन यावर उड्या मारतात, त्यांना गोरख पांडे कोण ते माहीत नाही, कंपन्यांच्या कार्यक्रमात पण हेच गाणं वाजतं, म्हणजे चळवळीचा बाजार झाला. अरे बाबांनो, उड्या मारू द्या की! पहिल्यांदा अंगात ताल शिरू दे, मग माणूस घरी जाऊन शोधतो की हे काय होतं. मी तसाच शोधला. आणि ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच तर राहुल राम मधे दोन मिनिटं बोलतो ना, मग तेच बोलणं बंद करा म्हणणाऱ्या दादाला आणि पोरांना काही माहीत नाही म्हणणाऱ्या तुम्हाला एकत्र बसवायला पाहिजे.

बाजाराचं म्हणाल तर याच बँडनं 2010 ला '16/330 खजूर रोड' हा अख्खा अल्बम नेटवर फुकट दिला, दर महिन्याला एक गाणं. करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते रियाज करायचे त्याचा पत्ता म्हणजे अल्बमचं नाव. पोट भरायला कंपनीच्या शोमधे वाजवतात, वाजवू देत. कलाकारानं उपाशी राहूनच खरं बोलायचं हा नियम कुणी केला?

अजून एक, आपल्याकडं हा वादच नवा कसा काय वाटतो मला कळत नाही. वाटेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी 1944 ला लालबावटा कलापथक काढलं, आणि लोक कामावरनं सुटून हजारोंनी ऐकायला जायचे, तेव्हा कुणी म्हटलं का की अण्णा, नुसती ढोलकी वाजवा, गिरणीचं आणि संयुक्त महाराष्ट्राचं सोडा? शाहीर कवनाच्या आधी चार शब्द बोलायचाच. डफ हातात आहे म्हणून त्याचं बोलणं चालतं आणि बेस गिटार गळ्यात आहे म्हणून चालत नाही, असं कसं? आपल्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी नदीतली वाळू विकून पैसे उभे केले आणि स्वतः बळीराजा धरण बांधलं, त्या लढ्यात पण गाणी होतीच की.

पण क्रांतिकारकांनो, तुमच्यासाठी अजून एक. तुम्ही बँडला मार्क देता ते भूमिकेला देता, वाजवण्याला देत नाही, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या रात्री सगळ्यात गप्प बसून लोकांनी ऐकलं ते 'कंदिसा', केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची जुन्या अरामी भाषेतली प्रार्थना. त्यात कुठलं सरकार नाही, धरण नाही. एक शब्द कळत नव्हता आणि माझ्या शेजारची अनोळखी बाई रडत होती. 'मा रेवा' पण चालीमुळं, त्या डुलत्या ठेक्यामुळं काळजात शिरतं, नुसता विषय चांगला म्हणून नाही. विषय चांगला असलेली कितीतरी रटाळ गाणी आपण मोर्चात ऐकलेली आहेत.

एक खरी तक्रार मात्र आहे आणि ती दादाच्या बाजूची आहे. राहुल राम 'ऐसी तैसी डेमोक्रसी'मधे वरुण ग्रोव्हर आणि संजय राजौरा यांच्यासोबत जे करतो, ते व्यंग, ते विडंबन, ते मला प्रचंड आवडतं, पण त्याचा सूर इथं मधेच घुसतो तेव्हा शोची लय तुटते. नर्मदेवर बोलला तेव्हा हॉल शांत होता कारण पुढं तेच गाणं येणार होतं. नंतर एकदा बातम्यांवरच्या विनोदात रमला आणि पुढचं गाणं त्याच्याशी काही संबंध नसलेलं, तेव्हा मागच्या रांगांत मोबाइल निघाले. गाण्याशी बांधलेलं बोलणं पाच मिनिटं चालू दे, सुटं बोलणं एक मिनिट पण जास्त होतं. एवढं सोडलं तर काही नाही.

'बंदे' शेवटाला आलं आणि अख्खा हॉल उभा राहिला. पीयूष मिश्रांचे शब्द, 1993 च्या बॉम्बस्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे'मधलं गाणं, पिक्चर कोर्टात अडकला आणि 2007 ला थेटरात लागला. दंगल आणि स्फोट भोगलेल्या शहराबद्दलचं गाणं आहे ते, आणि दादा सगळ्यात मोठ्यानं गात होता, एक ओळ न चुकता. दादा, हे पण राजकारणच आहे रे.

जाणाऱ्यांसाठी: मधोमध, साऊंडच्या टेबलाच्या आसपास जागा पकडा, अगदी पुढं गेलात तर ड्रम्सशिवाय काही ऐकू येत नाही. घरच्या मोठ्यांना न्यायचं असेल तर खुर्च्या असलेला हॉलच बघा, उभं राहून बघायच्या शोला त्यांचे हाल होतात. जायच्या आधी 'कंदिसा' अल्बम एकदा सलग ऐकून जा. आणि वेळ असेल तर 1997 चं 'डेझर्ट रेन' पण ऐका, दिल्लीत सहमतच्या कार्यक्रमात केलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे. सहमत म्हणजे सफदर हाश्मींच्या नावानं उभी राहिलेली संस्था, 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादला पथनाट्य चालू असताना ज्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी जे गेले ते हाश्मी. त्यामुळं बँड आता आता राजकारणात पडला असं ज्यांना वाटतं त्यांनी तर ते ऐकाच. त्यात असीम आहे, सुष्मित आहे, आणि रेकॉर्डिंग कच्चं असूनही तबला-गिटारची जुगलबंदी जशी पकडली आहे तशी नंतरच्या कुठल्याच स्टुडिओत सापडत नाही.

माझ्याकडून पाचात साडेचार. अर्धा त्या सुट्या बोलण्याचा कापला. दादा, पुढच्या वेळी परत एकत्रच जायचं, गाडीत पुढची सीट तुझी.